कुणाची हौस

हृदयाच्या दुखण्यामुळे नवऱ्याची वैमानिकाची नोकरी सुटली, तेव्हापासून तो घरी संगणकावरच विमान उडवायचा आणि कीबोर्डची बटणं बडवून वैतागायचा. शेवटी बायकोच त्याला संगणकाच्या दुकानात घेऊन गेली. तिथे संगणकाला जोडलेलं, खऱ्या विमानासारखं स्टिअरिंग हातात येताच त्याचा चेहरा असा खुलला, की ती बघतच राहिली. किंमत कळल्यावर मात्र तो चटका बसल्यासारखा खुर्चीतून उठला.

“चल घरी. माझ्या पोरखेळापायी एवढा खर्च नको.”

“बांधून द्या हो,” ती दुकानदाराला म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. “तुमच्यासाठी कोण घेतंय? जन्मभर तुम्ही पुढे दाराआड आणि मी मागे प्रवाशांत. तुम्ही विमान कसं उडवता, ते मला एकदा शेजारी बसून बघायचंय.”