नाचणाऱ्यांची रांग

खात्याआजा काही केल्या खुर्चीवर बसेना.

"पाळणी चालू आहे," तो म्हणाला आणि शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये सरळ फरशीवरच मांडी ठोकून बसला. होळीचं व्रत धरलं की खाट नाही, खुर्ची नाही, पायात चप्पल नाही. डोंगरातल्या काठी गावाहून तो एसटीने तसाच अनवाणी आला होता. नातीने, म्हणजे ममताने, त्याची गोष्ट कॉम्प्युटरात घातली होती ना, ती बघायला!

ममताची मैत्रीण भाविका कीबोर्डजवळून मागे सरकली. स्क्रीन चालू होता, आणि त्यावर आजाची गोष्ट नव्हतीच.

झालं होतं असं. मागच्या होळीला फ्रान्सहून एलेनबाई काठीला आल्या होत्या. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होळी फ्रेंचमध्ये लिहून पाठवली. मग ठरलं, शाळेच्या वेबसाईटवर एक पान करायचं. वर आजाची गोष्ट, खाली बाईंचं फ्रेंच. आजाची गोष्ट म्हणजे पहिली होळी कशी पेटली त्याची. ती त्यांच्या घरात फक्त पाळणीत सांगतात आणि एका पाळणीत एकदाच. आजा टेकडीवर रेंज शोधून उभा राहिला, फोनवर भिलीत सांगत गेला. ममता होस्टेलमधून येऊन, कानाला फोन लावून टाईप करत गेली. मान आखडली पोरीची.

फ्रेंचचं काम भाविकाकडे. प्रकाशा गावची भाविका, कॉम्प्युटरमध्ये वर्गात सगळ्यात पुढे, आणि हे तिला चांगलंच माहीत होतं. बाईंच्या मजकुरात जिथे तिथे फ्रेंच अक्षरांच्या जागी कचरा दिसत होता. तिने शोधून काढलं, ऑल्टचं बटण दाबून धरायचं आणि बाजूच्या आकड्यांवर एकशे तीस मारायचं. टक्‌! é! डोक्यावर तिरकी काडी घेतलेला ई! मग शेपटीवाला सी, मग टोपीवाला ए. काय मजा यायची! तिला फ्रेंचचा एक शब्द कळत नव्हता, पण काड्या, टोप्या, शेपट्या सगळ्या जागच्या जागी बसल्या. तरी पानावर पुन्हा कचराच. मग कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं तसं तिने सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बदललं. इंग्रजीत एक चौकट आली. काही अक्षरं कायमची जातील, असं तीत लिहिलं होतं. भाविकाने ती पूर्ण वाचलीच नाही. ओके दाबून मोकळी!

फ्रेंच झळकलं. वरची देवनागरी मात्र अख्खी प्रश्नचिन्हं झाली. ओळीच्या ओळी, नुसती प्रश्नचिन्हं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ममताला गोष्ट आठवत होती, पण आजाचे शब्द? ते गेले.

हेमराज सरांनी सकाळी ते पाहिलं आणि ममताकडेच वळले. "तूच काहीतरी भलतंच दाबेल शे, ममता. फ्रेंच कसं बरोबर ऱ्हायनं मग?"

भाविका शेजारीच उभी होती. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. तिने बुटाची लेस बांधली. बांधलेलीच होती, ती पुन्हा बांधली.

आणि आता आजा समोर.

ममताने भाविकाचा हात घट्ट धरला. "भावी, तूच वाच ना," ती कुजबुजली. "काहीपण बोल. होळी, डोंगर, काहीपण. माझ्याकडून मोडलं हे आजाला कळू देऊ नको गं."

आजा गुडघ्यांवर रेलून स्क्रीनजवळ सरकला. त्याला वाचता येत नव्हतं. तो बघत राहिला आणि एकदम हसला. दात थोडेच होते, पण हसू सगळ्या चेहऱ्यावर पसरलं.

"ही माझी गोष्ट?" त्याने प्रश्नचिन्हांवरून बोट फिरवलं. "अरे, हे तर नाचतात! बघ, डोक्यावर मोरपिसांचा टोप. कंबर वाकलेली. खाली पायात घुंगरू. सगळे रांगेत!" मग त्याने फ्रेंचकडे पाहिलं. "हे खालचे कोण?"

"एलेनबाईंचे," सर म्हणाले.

"ते उभे राहून बघतात," आजा म्हणाला. "पाहुणे आहेत. वाच बेटा, माझं वाच."

"वाच ना वं भाविका," सरही सांभाळून घेत हळूच म्हणाले, "काय देखी ऱ्हायनी?"

भाविकाने तोंड उघडलं. होळी, डोंगर, काहीपण. इतकं सोपं होतं! आजाचं बोट अजून पहिल्या प्रश्नचिन्हावर होतं, वाट बघत. ममताचा हात तिच्या हातात होता.

"आजा, ही तुमची गोष्ट नाहीये," ती म्हणाली. "ती पुसली गेली. ममताने नाही, मी पुसली. आणि सकाळी गप्प बसले."

ममताने हात सोडला.

सरांनी घसा खाकरला. भाविका फरशीवर आजासमोर बसली. "पुन्हा सांगा ना आजा. मी लिहिते. आत्ता लिहिते."

"यंदाची एकदा सांगून झाली," आजा म्हणाला. रागावला नव्हता. ते जास्त वाईट होतं. तो भिंतीला धरून उठला, गुडघे वाजले, आणि त्याला उठायला किती वेळ लागतो हे भाविकाने पहिल्यांदाच पाहिलं. पुढच्या पाळणीला अजून एक वर्ष होतं. पूर्ण एक.

"हे पान काढूनच टाकतो," म्हणत सरांनी माऊसकडे हात नेला.

आजाने तो हात धरला.

"पुसू नको," तो भाविकाकडे बघत म्हणाला. "पुढच्या पाळणीत ही काठीला येईल, फरशीवर बसेल, ऐकेल. तोवर यांना नाचू दे."