तिसऱ्यांची वाटणी

दीपगृहाच्या डागडुजीला सगळं गाव लागलं होतं. जुन्या भिंतींना शिंपल्यांचाच चुना हवा, म्हणून घरोघरी तिसऱ्या शिजत होत्या आणि शिंपल्या राखल्या जात होत्या.

मनोरमाकाकूंच्या घरात मात्र मासळी वर्ज्य. यजमानांनी दीपगृहाचा दिवा जन्मभर सांभाळलेला, आणि आपल्याकडे द्यायला एक शिंपलीही नाही! चुनाभट्टीपाशी त्या रिकाम्या हातांनी मागेच उभ्या राहिल्या.

शेजारच्या भागी कोळणीनं भरलेली पाटी त्यांच्या हातांत दिली.

"ही तुमच्या घरची."

"माझ्या घरची कशी गं?"

"तुमच्या वाटणीच्या तिसऱ्या आम्हीच खाल्ल्या की! शिंपल्या तेवढ्या राहिल्या."

भरल्या डोळ्यांनी काकूंनी पाटी भट्टीत ओतली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना हातांना मासळीचा वास येत होता. काकूंनी ते मुद्दामच धुतले नव्हते.