कानसेनांचा पाचवा अ‍ॅम्प्लिफायर

घरात त्यांना कौतुकानं कमी आणि चिडवून जास्त ‘कानसेन’ म्हणत. त्यांच्या लाडक्या स्पीकरांना शोभेल असा अ‍ॅम्प्लिफायर काही मिळेना. स्थळं पाहावीत तसे चार पाहून झाले. एक म्हणे कोरडा, एक घोगरा, एकात दम नाही, तर एकाला नुसताच तोरा. बरं, त्यांची परीक्षा सुरू झाली की घरात चमचा वाजवायचीही चोरी. बायको स्वयंपाकघरात जरा गुणगुणली, तरी हॉलमधून “शूऽऽ!” यायचं.

आज पाचवा आला. कानसेनांनी वायरी जोडल्या, सोफ्याच्या बरोब्बर मधोमध बसून नेहमीचंच गाणं लावलं आणि डोळे मिटले. त्या गाण्याच्या सुरुवातीला नुसता गळा, वाद्य एकही नाही. सूर कानावर पडला आणि त्यांच्या अंगावर काटाच आला.

“ऐक, ऐक!” ते शेजारी बसलेल्या मुलीला म्हणाले. “याला म्हणतात जोडी जमणं! बाई जणू आपल्याच घरात गातेय!”

“बाबा, डोळे उघडा,” मुलगी हसू दाबत म्हणाली. “तुमच्या स्पीकरांचा भार झेपला नाही त्याला. लावल्या लावल्या बंद पडलाय.”

कानसेनांनी पाहिलं. अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा विझला होता. गाणं मात्र चालूच होतं.

 

मग तेही थांबलं, आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “अहो, तुमचं सुरू झालं की सांगा हं. मी गप्प बसते.”