बाकावरचा डिटेक्टर

बायको गेल्यानंतर कामावरचा तो माझा पहिला दिवस होता. बॉयलरचा धूर चिमणीकडे नेणाऱ्या डक्टला गळती लागली होती आणि ती शोधायला खालच्या बंदिस्त जागेत उतरायचं होतं. कोळसा नीट जळला नाही की त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला ना रंग, ना वास. म्हणून खिशाला डिटेक्टर लावायचा आणि तो वाजला की बाहेर पळायचं. मी माझा काढून बाकावर ठेवला.

माझा जोडीदार फिटर, त्याला सगळे पैलवान म्हणतात, शिडीपाशी आडवा आला.

"विसरलास की मुद्दाम ठेवलास?"

"ठेवला. आता घरी वाट बघणारं कोण आहे?"

मला वाटलं, तो समजूत घालेल. त्याने शिवी हासडली.

"अरे शहाण्या, तू खाली पडलास तर मी काय वरून बघत बसणार आहे? मी उडी मारणार. मग माझ्या बायकोनेही तुझ्यासारखंच रिकाम्या घरात बसायचं का?"

मी मागे वळलो. बाकावरचा डिटेक्टर उचलला, तसा त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि त्याचा चिमटा स्वतःच माझ्या खिशाला लावला.