पाण्याची कमान

विमानतळ आंतरराष्ट्रीय झाल्यापासून तिथले संचालक, म्हणजे आमचे मेहुणे, यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. पहिल्या परदेशी विमानातून मंत्री येणार आणि अग्निशमनाचे बंब त्या विमानावर पाण्याची कमान उडवणार, म्हणून सकाळपासून तालीम चालली होती.

"फोटोत कमान मरतुकडी दिसतेय. पुन्हा मारा!"

"भाऊजी, अजून किती वेळा?" मी विचारलं.

"तू गप्प बस. विमानतळातलं तुला काय कळतंय?"

शेवटी मनासारखी कमान आली, तेव्हा बंबांतून पाणी जेमतेम थेंब थेंब गळत होतं. मेहुणे टाय सरळ करून आभाळाकडे बघत उभे राहिले.



मंत्र्यांचं विमान डोक्यावर घिरट्या घालून शेजारच्या शहराकडे निघून गेलं. बंब रिकामे असतील तर विमान उतरू द्यायचं नाही, या आदेशावर सही मेहुण्यांचीच होती.