रेटा

सकाळी पहिलं पाऊल टेकवलं की बाबांच्या टाचेत जीवघेणी कळ यायची. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "काका, दुखते टाच, पण ताण पोटरीचा आहे. रोज दोन्ही हात भिंतीला टेकवा, एक पाय मागे घ्या, टाच उचलू नका आणि द्या रेटा."

घरात कपाटांनी एकही भिंत मोकळी सोडलेली नाही, म्हणून बाबा जिन्यातल्या भिंतीला रेटू लागले. त्या भिंतीला भलामोठा तडा होता आणि तक्रार केली की बिल्डिंगचे सेक्रेटरी वर्षभर एकच सांगत होते, "बघू."

एका सकाळी सेक्रेटरी जिना उतरत होते. घामाघूम बाबा जिवाच्या आकांताने भिंतीला भिडलेले पाहून ते आल्या पावली वर पळाले. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा भिंतीला रेटत असताना ते गवंड्याला घेऊनच आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काका, आता सावकाश हात काढा. हा बघून घेईल."

भिंत पक्की झाली. हळूहळू बाबांची टाचही बरी झाली. आता व्यायाम बंद, असं बाबा म्हणतात, पण आई ऐकायला तयार नाही.

 

"उद्यापासून गच्चीत जाऊन करा," ती म्हणते, "पाण्याची टाकी कधीची गळतेय."