टेरेलला दिलेला शब्द

टेरेल मॅबरी रिकामी ताटली धरून दाराशी उभा होता. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बायका हॅम, अंडी आणि केक मांडत होत्या. सकाळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो सगळ्यात पुढे होता, आणि अजून त्याने पाणीही घेतलं नव्हतं.

लोरीनने त्याच्या ताटलीत हॅमचा तुकडा ठेवला.

"खाऊन घे. बाबा असते तर ओरडले असते."

"मिस लोरीन, इथे माझ्यावर विश्वास ठेवणारा तेवढा एकच माणूस होता," टेरेल म्हणाला.

लोरीनने मान हलवली. वडील गेल्यापासून लोक त्यांच्याबद्दल पुष्कळ बोलत होते, पण तिला धरून ठेवावंसं वाटलेलं हे एवढंच.

तिचे वडील विल्बर्न टॅगर्ट यांनी मिसिसिपीतल्या या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात, हातात चेंडू घेऊन खेळायच्या त्या खेळात, अख्खी हयात काढली होती. चेंडू घेऊन धावणारी पोरं घडवणं हे त्यांचं काम. टेरेल त्यांचा सगळ्यात आवडता. चेंडू पोटाशी घट्ट धरायचा आणि समोरच्या गर्दीत मुसंडी मारायची, हा त्याचा खेळ. जानेवारीत कीथ ड्रेसेल नवे मुख्य कोच म्हणून आले आणि त्यांनी सगळी पद्धतच बदलली. आता चेंडू लांब फेकायचा होता. टेरेलसारख्या मागच्या गड्याने बाजूला पळून झेल घ्यायचा, नाहीतर फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहून त्याला वाचवायचं. ड्रेसेलनी जुन्या लोकांपैकी एकट्या टॅगर्टना ठेवून घेतलं.

टेरेलचं हे शेवटचं वर्ष होतं. या वर्षी तो धावताना दिसला नाही, तर पुढे त्याला कोणी विचारणार नव्हतं. नदीपलीकडच्या कॉलेजात अजून जुनाच खेळ चालायचा आणि तिथून त्याला फोन येत होते. मात्र जायचं तर एप्रिल संपायच्या आत नाव द्यायला हवं होतं. ती मुदत गेली की वर्षभर हलता येत नाही.

तो वसंत लोरीनला स्वच्छ आठवत होता. वडिलांच्या दुखण्यामुळे ती घरी राहायला आली होती. रोज संध्याकाळी टेरेल यायचा. वडील त्याला अंगणात उभं करायचे आणि खुर्चीत बसून चेंडू फेकायचे. निम्मे झेल सुटायचे.

"चेंडू आहे तो, तापलेला तवा नाही."

"तुम्ही फेकता तेव्हा तवाच वाटतो, कोच."

मग जेवण. मग सामन्यांच्या चित्रफिती. तेवढा वेळ वडील त्याचा फोन फ्रिजवर ठेवायला लावत. पलीकडून कोणी विचारलं का, काय म्हणाले, तू काय सांगितलंस, अशी बारीक चौकशी करत. पोराची एवढी काळजी करणारं या जगात दुसरं कोणी नाही, असं लोरीनला वाटायचं. तिच्या स्वतःच्या शाळेतल्या एकाही कार्यक्रमाला त्यांना वेळ मिळाला नव्हता. पण त्या संध्याकाळी पाहून तिने ते मनातून काढून टाकलं.

एकदा टेरेलने सरळच विचारलं होतं. "कोच, खरं सांगा. या नव्या खेळात मी बसतो का?"

"तुझ्यासाठीच बेतलाय तो," वडील म्हणाले होते. "माझा शब्द आहे."

मे महिन्यात वडिलांचं दुखणं वाढलं आणि त्या बैठका बंद पडल्या. सप्टेंबरात सामने सुरू झाले. टेरेल बाकावरच बसून राहिला. आणि आता, ऑक्टोबरात, वडीलही गेले होते. शनिवारी नदीपलीकडच्यांशी सामना होता.

ड्रेसेल हॅट हातात घेऊन निघायच्या बेतात होते. लोरीनने त्यांना पायऱ्यांवर गाठलं.

शनिवारी टेरेलला खेळवा, असं ती म्हणाली. ड्रेसेल म्हणाले की संघ कसा निवडायचा ते अशा दिवशी बोलू नये. ती हटली नाही. पोराला आशेवर ठेवून त्याचं वर्ष तुम्ही मातीत घातलंत, असं ती शांतपणे म्हणाली.

"तुम्हाला तो नको होता, तर एप्रिलमध्येच सांगायचं होतं. माझे वडील मरेपर्यंत त्याच्या मागे उभे होते. निदान त्यांच्या शब्दाचा मान ठेवा."

ड्रेसेलनी हॉलकडे पाहिलं. टेरेल कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटाच जेवत होता.

"मॅम, आज हे तुम्हाला सांगू नये."

"सांगा."

"मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, याचे हात या खेळाचे नाहीत, याला जाऊ दे. तुमचे वडीलच म्हणाले, आत्ता सोडलास तर ऑक्टोबरात हाच पोरगा पलीकडून आपल्या अंगावर धावून येईल. एप्रिल संपेपर्यंत त्याला धरून ठेवायचं माझ्याकडे लागलं, असंही तेच म्हणाले."